चप्पल निसटते, ते आधी बघू

पत्र: ताई, नमस्कार. माझं वय ४३. तासगावजवळ माझी पिठाची गिरणी आहे. सात आठवड्यांपूर्वी गव्हाचा कट्टा उचलून वळताना कमरेत कळ आली. दुसऱ्या दिवशी ती डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या बाजूनं पोटरीत उतरली. मिरजेला दाखवलं, एमआरआय काढला. एल-४ एल-५ला ‘डिस्क एक्स्ट्रुजन’ लिहून आलंय. एका सर्जननी ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्या डॉक्टरांनी थांबा म्हटलं. मुलगा मोबाइलवर कायरोप्रॅक्टरचे व्हिडिओ दाखवतो, कट्‌ आवाज होतो आणि माणूस उठून चालायला लागतो. पुण्यात एक जण आहेत, बारा बैठकांचे १८,००० रुपये आधी भरायचे. मेव्हणे हाडवैद्याकडं चल म्हणतात. आई म्हणते, पायाळूकडून लाथ मारून घे. दुखणं आधीपेक्षा थोडं कमी आहे, पण डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटते, कळतही नाही. गादी परत जागेवर बसेल का? कुणाकडं जाऊ? गिरणी किती दिवस बंद ठेवू?
— एक वाचक, सांगली जिल्हा

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सगळं पत्र ‘कुणाकडं जाऊ’ याबद्दल आहे, पण मी अडकले ती चप्पल निसटण्याच्या ओळीपाशी. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी हे. याचा निकाल लागल्याशिवाय पुणं, मिरज, हाडवैद्य, कशाबद्दलच मला धड काही सांगता येणार नाही.

एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधल्या गादीतून बाहेर आलेला भाग बहुतेक वेळा एल-५ नावाच्या नसेवर दाबतो. पायाचा अंगठा आणि पंजा वर उचलण्याचं काम या नसेचं. पावलाच्या वरच्या भागाची आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्या मधल्या बेचक्याची जाणीवही तिच्याकडेच. पाऊल पुढं टाकताना आपण नकळत पंजा उचलून चप्पल सांभाळत असतो. पंजा पुरता उचलला गेला नाही, किंवा चप्पल सुटल्याचं त्वचेला कळलंच नाही, तर ती मागं राहते.

आजच घरी एवढं करून बघा. खुर्चीवर बसा, दोन्ही टाचा जमिनीवर ठेवा आणि दोन्ही अंगठे ताणून वर उचला. वहिनींना सांगा, दोन्ही अंगठ्यांवर एकेक बोट ठेवून खाली दाबा. उजवा अंगठा दाद देणार नाही. डावा लगेच खाली गेला तर ताकद कमी झालीय. मग भिंतीला हात लावून दहा पावलं नुसत्या टाचांवर चाला. डावा पंजा खाली लोंबतो का, जमिनीवर फटकन आपटतो का, ते त्यांनाच बघू दे, कारण चालणाऱ्याला स्वतःला ते नीट कळत नाही. शेवटी डोळे मिटा आणि त्यांना कापसाचा बोळा दोन्ही पावलांवरून फिरवायला सांगा. दोन्हीकडं सारखं लागतं का?

यात काहीही डावं-उजवं निघालं, तर दोन-तीन दिवसांच्या आत मिरजेच्या त्याच सर्जनना पुन्हा दाखवा. काहीच निघालं नाही तरी आठवड्याच्या आत दाखवाच. घरच्या बोटाला थोडी कमी ताकद कळत नाही, सरावलेल्या हाताला कळते. आणि ‘दुखणं थोडं कमी आहे’ या वाक्यावर सध्या फार विसंबू नका. दुखणं कमी आणि ताकद जशीच्या तशी, म्हणजे सुधारणा. दुखणं कमी आणि पंजा ढिला, म्हणजे नस थकत चाललीय. दोन्हीत माणसाला बरंच वाटतं, म्हणून तर फसगत होते. त्याच वेळी रक्तातली साखरही तपासून घ्या. मधुमेहामुळंही पावलाची जाणीव जाते आणि चप्पल न कळत सुटते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत सगळा दोष मणक्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

आता दुसरी गोष्ट. ही वहिनींना आणि मुलालाही वाचून दाखवा. लघवी अडली, किंवा झालेली कळेनाशी झाली. संडासवरचा ताबा गेला. सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथं बधिरपणा आला. दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा सुरू झाला. यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत की सणाचा दिवस असो, थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. कण्याच्या तळाशी घोड्याच्या शेपटासारखा नसांचा झुबका असतो. गादीचा मोठा तुकडा त्यावर बसला की तासांचा हिशोब सुरू होतो, दोन दिवस उलटले की गेलेलं परत मिळण्याची आशा कमी होत जाते. मी फिजिओथेरपिस्ट, माझ्याकडं एक शिक्षिका आल्या होत्या. कमरेच्या गोळ्यांनी लघवी कमी होत असेल म्हणून त्या शुक्रवारपासून सोमवारपर्यंत थांबल्या. शस्त्रक्रिया चांगली झाली, पाय वाचले. लघवीसाठी नळी मात्र त्यांना आजही स्वतःच्या हातानं घालावी लागते. हे दर शंभरातल्या एखाद-दुसऱ्याच्या वाट्यालाही येत नाही, पण माहीत नसल्यामुळं तरी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

हे झालं. आता गादीचं.

‘गादी सरकली’ हा शब्द आपण सगळेच वापरतो, मीही बोलताना वापरते. पण ती सरकत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती पक्की चिकटलेली असते. बाहेरून चिवट पदर, एकावर एक गुंडाळलेले, आणि आत मऊ गर. पदरांना चीर पडली की गर बाहेर येतो. तुमच्या गिरणीतलंच उदाहरण घ्या. पोत्याची शिवण उसवली आणि दाणे बाहेर आले. आता पोत्याला कितीही थापट्या मारा, दाणे आत जात नाहीत. ‘गादी बसवून देतो’ म्हणणारा हाडवैद्य असो, कायरोप्रॅक्टर असो की माझ्यासारखी फिजिओथेरपिस्ट असो, कुणालाच ते बाहेरून हातानं करता येत नाही. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की गादी परत जागेवर बसत नाही.

पण तिला बसायची गरजही नसते. जमिनीवर सांडलेले दाणे मुंग्या आणि चिमण्या वेचून नेतात ना, तसंच इथं होतं. बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो. रक्तातल्या पेशी तिथं पोचतात आणि तो हळूहळू खाऊन टाकतात. सोबत सूज उतरते, नस मोकळी होते. त्यातही गंमत अशी, की जितका भाग जास्त बाहेर, तितका तो विरघळण्याचा संभव जास्त. २०१५ साली अशा रुग्णांच्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. नुसत्या फुगलेल्या गाद्यांपैकी १३ टक्के आपोआप आकसल्या होत्या. ‘प्रोट्रुजन’मध्ये, म्हणजे गादीचा एखादा भागच थोडा पुढं आलेला असतो तेव्हा, हे प्रमाण ४१ टक्के निघालं, तुमच्यासारख्या ‘एक्स्ट्रुजन’मध्ये, म्हणजे गर पदर फाडून बाहेर आलेला असतो तेव्हा, ७०, आणि पूर्ण तुटून वेगळ्या झालेल्या तुकड्यांमध्ये ९६ टक्के. रिपोर्टमधला तो शब्द वाचून तुम्ही घाबरला असाल. तो जितका भीतीदायक वाटतो तितका नाही.

रिपोर्टबद्दल आणखी एक. एमआरआयमध्ये दिसलेलं सगळं दुखतं असं नाही. कमरेची काहीही तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय तपासले, तर विशीतल्यांपैकी ३० टक्के आणि ऐंशीच्या पुढच्यांपैकी ८४ टक्के लोकांत फुगलेली गादी दिसते. फोटोवरून ऑपरेशन ठरत नाही. पाय काय सांगतो आणि फोटो काय सांगतो, दोन्ही जुळलं तर त्या फोटोला किंमत. तुमच्या बाबतीत दुखण्याची वाट आणि फोटोतली जागा जुळतेय, एवढं नक्की.

मग कायरोप्रॅक्टर. तुमच्या मुलाला नावं ठेवू नका, वडिलांचं दुखणं बघवत नाही म्हणून तो शोधतोय. ही विद्या अमेरिकेतली. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये १८९५ साली डॅनिएल डेव्हिड पामर यांनी एका सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, अशी तिची जन्मकथा सांगतात. मणके जागचे हलले की रोग होतात आणि ते बसवले की जातात, हा पामरांचा सिद्धांत. तो पुढच्या विज्ञानात टिकला नाही. हातांनी सांधे हलवण्याचं कौशल्य मात्र टिकलं, आणि ते खोटं नाही. साध्या कंबरदुखीत अशा हाताळणीनं व्यायामाइतकाच, माफक आराम पडतो. गादीच्या दुखण्यातही थोडा पुरावा आहे. २००६ साली रोममध्ये १०२ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना खरी हाताळणी, निम्म्यांना नुसता तसा आभास. खऱ्या गटात ५५ टक्के लोकांची पायातली कळ गेली, दुसऱ्या गटात २० टक्के लोकांची. हा फरक लहान नाही, मी तो लपवणार नाही. पण ती माणसं ताज्या दुखण्याची होती आणि त्यांना ‘प्रोट्रुजन’ होतं. तुमचं ‘एक्स्ट्रुजन’ आहे, सात आठवडे झालेत, आणि चप्पल निसटतेय. त्या चाचणीचा निकाल तुमच्या पायाला लावता येत नाही.

तो कट्‌ आवाज कशाचा, हेही सांगते, म्हणजे त्याची मोहिनी उतरेल. सांध्यातल्या द्रवात अचानक पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडतो तेव्हा येतो तोच. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नाही. आवाजानंतर स्नायू थोडा वेळ सैलावतात, माणसाला हलकं वाटतं, आणि व्हिडिओ नेमका त्याच क्षणी संपतो. तिसऱ्या दिवशी तो माणूस कसा होता हे कुणी दाखवत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ताकद तपासून होईपर्यंत तुमच्या कमरेला झटका देऊन कुणीही हात लावायचा नाही. पुण्याचे तज्ज्ञ नाही, हाडवैद्य नाही. आणि सलूनमध्ये मान मोडून घ्यायची सवय असेल तर तीही आजपासून बंद. मानेला झटका दिल्यानं मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटल्याच्या घटना झालेल्या आहेत. क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघात होतो, आणि त्या झटक्यानं मिळणारं काहीच इतकं मोलाचं नाही.

ताकद पूर्ण आहे असं कळलं, आणि तरी जावंसं वाटलं, तर अडवणार नाही. जाल तिथं एवढं बघा. माणूस आधी अंगठ्याची ताकद, टाचांवरचं चालणं आणि गुडघ्याखाली हातोडी मारून पायाचा झटका तपासतो का? एमआरआय स्वतः वाचतो का? झटका न देता हळू हाताळणी करायला तयार आहे का? व्यायाम शिकवतो का? ब्रिटनमध्ये १९९४च्या कायद्यानं कायरोप्रॅक्टरसाठी स्वतंत्र परिषद नेमलीय, तिथं नोंदणीशिवाय ती पाटी लावता येत नाही. आपल्याकडं तशी परिषद नाही. त्यामुळं परदेशातून चार-पाच वर्षांची पदवी घेऊन आलेला आणि काही दिवसांचा वर्ग करून आलेला, दोघांच्या पाट्या रस्त्यावरून सारख्याच दिसतात. कुठं शिकलात, किती वर्षं शिकलात, हे विचारायला संकोच करू नका. फिजिओथेरपिस्टचीही महाराष्ट्रात राज्य परिषदेकडं नोंदणी असते, त्यांनाही नोंदणी क्रमांक विचारा, मलासुद्धा.

आणि १८,००० रुपये आधी भरू नका. पायाला हात लावण्याआधी बारा बैठका लागतील हे कुणालाच कळत नाही. दोन बैठकांत फरक पडला नाही तर तिसरी कशाला? त्यात तासगावहून पुण्याला जायला चार-पाच तास गाडीत बसायचं, तेवढेच परत. बसण्यानं, त्यातही वाकून बसण्यानं, गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो. बारा वेळा तो प्रवास म्हणजे एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. तुमच्यासाठी खरा इलाज सायकलच्या अंतरावर असायला हवा.

आईंच्या पायाळूबद्दल लिहिते, कारण मला त्यातलं प्रेम माहीत आहे. मी चौतीस वर्षांची असताना, चार वर्षांच्या मुलीला न्हाणीघरातून ओलं उचलताना माझीही गादी गेली. मी फिजिओथेरपिस्ट, रोज हेच सांगणारी, आणि तीन आठवडे मला पाटावर बसून जेवता आलं नाही. ओट्याशी उभ्यानं ताट धरून जेवायचे. माझ्या आजीनं शेजारच्या पायाळू मुलाला बोलावून आणलं, दहा वर्षांचा असेल. मी पालथी झोपले होते. त्यानं अगदी हळू पाऊल टेकवलं माझ्या पाठीवर, घाबरतच, आणि आजी देवघराकडं बघत उभी राहिली. मी नको म्हटलं नाही. उसण भरते तेव्हा स्नायू आखडलेला असतो, तो दोन-चार दिवसांत सुटतोच, म्हणून पायाळूला गुण येतो. तुमच्या पायात कळ उतरलीय, ही उसण नाही. आईंना सांगा, पाया पडतो, पण लाथ नको. त्यांना काही करायचंच असेल तर सकाळ-संध्याकाळ तुम्हाला चालायला बाहेर काढायचं काम द्या.

कारण चालणं हेच पहिलं औषध. पूर्वी आम्ही सगळ्यांना फळीवर झोपवायचो. नेदरलँड्समध्ये पायात कळ उतरलेल्या १८३ लोकांवर चाचणी झाली, तिचा निकाल १९९९ साली आला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना जमेल तसं हिंडू-फिरू दिलं. दोघांत फरक पडला नाही. अंथरुणात पडून स्नायू तेवढे वाळतात. तुम्ही दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, सपाट रस्त्यावर चाला. चप्पल नको, मागं पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला, नाहीतर ठेच लागून पडाल.

व्यायामाचं एक सूत्र लक्षात ठेवा. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी यांच्या दवाखान्यात एक रुग्ण चुकून डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर पालथा झोपला. पाठ मागं वाकलेली, आणि काही मिनिटांत त्याची पायातली कळ गेली. त्यातून पुढं एक पद्धतच तयार झाली. पालथं झोपा, कोपरांवर या, दोन मिनिटं थांबा. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कमरेत अशी वर सरकत असेल, तर कमरेत जास्त दुखलं तरी चालेल, तुम्ही बरोबर दिशेला आहात. कळ खाली पावलाकडं पसरत असेल तर तो व्यायाम त्या क्षणी थांबवा, मी सांगितलेला असो की आणखी कुणी. पण हा व्यायामही ताकद तपासून घेतल्यावरच सुरू करा, आणि पहिल्या वेळी जवळच्या फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. ट्रॅक्शन, म्हणजे वजनं लावून कंबर ताणणं: सुरुवातीची काही वर्षं मी सर्रास लावायचे. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१६ साली ते देऊ नका असंच सांगितलं, कमरेचा पट्टाही नको म्हणाले. पट्टा प्रवासापुरता बांधलात तर हरकत नाही, दिवसभर नको. कटिबस्ती करायची असेल तर करा. कोमट तेलानं स्नायू सैलावतात, झोप लागते, त्याचंही मोल आहे. गादीवर त्याचा परिणाम होत नाही हे मनाशी ठेवा. मात्र बधिर पावलावर शेक, गरम पाण्याची पिशवी, गरम वीट काही ठेवू नका. भाजतं आणि फोड आल्यावर कळतं. असे फोड मी दर हिवाळ्यात बघते.

गोळ्यांबद्दल. सूज-दुखीच्या गोळ्या जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरत्या. मेडिकलमधून स्वतः आणून महिनोन्‌महिने नका घेऊ, मूत्रपिंडाला आणि जठराला त्या महागात पडतात. नसेची म्हणून प्रीगाबालिन नावाची गोळी बहुतेकांना दिली जाते. २०१७ साली सिडनीच्या चाचणीत ती पायातल्या या कळेवर औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. तुमच्या चिठ्ठीवर ती असेल तर एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करावी लागते. डॉक्टरांना विचारा की ती अजून हवी का. कण्यात देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, गादी दुरुस्त करत नाही. झोपच लागत नाही, चालताच येत नाही, अशा माणसाला ते मधला काळ काढायला उपयोगी पडतं. तुमची कळ कमी होतेय, तुम्हाला त्याची घाई नाही.

ऑपरेशनचं नाव काढलं की आपल्याकडं दोनच गोष्टी ऐकू येतात, ‘कण्याला हात लावला की माणूस गेला’ किंवा ‘आठ दिवसांत मोकळा’. दोन्ही सोडा. गादीच्या ऑपरेशनमध्ये नसेवर बसलेला तुकडा लहानशा चिरेतून काढतात, बहुतेक वेळा त्यात स्क्रू-पट्ट्या लागत नाहीत. कुणी सांगितल्या तर का, हे विचारा आणि दुसरं मत घ्या. थांबावं की कापावं यावर नेदरलँड्समध्येच मोठी चाचणी झाली, २००७ साली निकाल आला. सहा ते बारा आठवडे पायात जोराची कळ असलेले २८३ लोक, म्हणजे नेमके तुमच्या टप्प्यावरचे. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढं ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षअखेरीला दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. म्हणजे तुमचे सर्जन आणि ते दुसरे डॉक्टर, दोघांपैकी कुणीच तुम्हाला चुकीचं सांगितलेलं नाही. एकानं लवकर सुटका सांगितली, दुसऱ्यानं न कापता सुटका.

फक्त त्या चाचणीत पाय जमिनीपासून उचलण्याइतकीही ताकद न उरलेले लोक घेतलेच नव्हते. त्यांना थांबवून बघणं कुणालाच बरोबर वाटलं नसतं. फिरून आपण तुमच्या चपलेपाशीच येतो. ताकद पूर्ण असेल किंवा किंचित कमी पण स्थिर असेल, तर आणखी सहा आठवडे दर आठवड्याला मोजत थांबता येईल. पंजा उचललाच जात नसेल, किंवा मागच्या आठवड्यापेक्षा कमी उचलला जात असेल, तर ऑपरेशनचा विचार लगेच करा, पैशांमुळं टाळू नका. रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडं जा आणि महात्मा फुले योजनेत हे बसतं का विचारा. ऑपरेशननंतर काही जणांत त्याच जागेतून पुन्हा गर बाहेर येतो, हेही आधीच माहीत असू द्या. म्हणून कापून झालं तरी उचलण्याची पद्धत बदलावीच लागते.

गिरणी. महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, घरात बसून माणूस खचतो आणि खचलेल्या माणसाचं दुखणं लांबतं. पण गिरणीत तुमचं काम बदला. गिऱ्हाइकाचा डबा जमिनीवरून उचलायचा, कमरेतून वळायचं आणि वर ओतायचं, हे वाकणं-वळणं-वजन एकत्र येतं ते सगळ्यांत वाईट. दाराशी गुडघ्यापेक्षा उंच एक कट्टा बांधून घ्या, गिऱ्हाइकांनी डबा त्यावर ठेवायचा. ओतायचं काम तीन महिने मुलाचं. लहान पातेल्यानं चार वेळा ओतलं तर पीठ काही वेगळं पडत नाही. वळायचं तर पावलं वळवा, कंबर नाही. सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकायचं काम ठेवू नका. रात्रभर गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात, सकाळी आपण सेंटिमीटरभर उंचही असतो, आणि त्या वेळी वाकलं की पदरांवर ताण जास्त येतो. दळण सकाळी सातला सुरू होत असेल तर आठला करा. भारतीय बैठकीच्या संडासासाठी स्टीलची कमोड खुर्ची मिळते, तेवढी तीन महिन्यांसाठी आणा. झोपताना उताणं असाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये.

मिरजेला जाल तेव्हा डॉक्टरांना एवढंच म्हणा: अंगठ्याची आणि पंजाची ताकद ५ पैकी किती, ते कागदावर लिहून द्या. हे मोजमाप सगळ्याच डॉक्टरांना माहीत असतं, ० म्हणजे काहीच हालचाल नाही, ५ म्हणजे पूर्ण. कागदावर तारीख घाला. तो आकडा आणि साखरेचा रिपोर्ट मला कळवा, पत्रानं पोचायला उशीर होईल म्हणून सदराच्या ईमेलवर मुलाला टाकायला सांगा. आठवड्यानं पुन्हा मोजा, तोही आकडा पाठवा. थांबायचं की कसं, ते त्या दोन आकड्यांवरून बोलू.

तुमची ताई